कुरूपावरचं औषध

९ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझे फोन आले होते, मी उचलले नाहीत. रागावू नकोस. तुझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "कॅमेरा लाव, तोंड बघू दे पोरीचं." आणि सध्या तोंड दाखवण्यासारखं राहिलेलं नाही. मोबाइल बंद करून आईच्या कपाटात चादरींखाली ठेवून दिलाय. म्हणून हे पत्र. हसू नकोस.

पुटकुळ्या, आत्या. गालांवर, कपाळावर, हनुवटीवर तर वस्तीच. एक बसली की शेजारी दोन उठतात. शाळा संपली तेव्हा सुरू झालं, वाटलं जातील. एकोणिसावं संपत आलं तरी मुक्काम हलवायला तयार नाहीत.

आता मी बाबांच्या फोटो स्टुडिओत पुढे बसत नाही. मागच्या खोलीत असते, कॉम्प्युटरवर. बाबा म्हणाले, "आतलं काम साठलंय, तू आत बस." साठलं वगैरे काही नव्हतं. आदल्या दिवशी एका बाईंबरोबर त्यांची छोटी आली होती. तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हिला काय चावलं?" बाई ओशाळल्या, मी हसले, आणि बाबांनी कॅमेऱ्यामागून डोकंच वर काढलं नाही.

मागच्या खोलीत मी दिवसभर काय करते माहितेय? लोकांच्या पुटकुळ्या काढते. डाग, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. माऊस नेऊन टिचकी मारली की चेहरा साफ. हात इतका बसलाय की सकाळी आरशासमोर उभी राहिले तरी बोट आपोआप टिचकी मारायला वर जातं.

टूथपेस्ट लावून झाली, लिंबू चोळून झालं, शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांनी सांगितलं म्हणून बर्फही फिरवला. तू दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असतेस, तुझ्याकडे काहीतरी असेलच. झाकायचं नको, घालवायचं दे.

तुझी ठकू


१७ जानेवारी

ठकूबाई,

लिंबू? अगं, तोंड आहे का तांब्याचं भांडं? आणि टूथपेस्ट दातांना लावतात हे तुला आम्ही लहानपणीच शिकवलं होतं अशी माझी समजूत होती.

सोबत एक बाटली पाठवतेय. आत सॅलिसिलिक ॲसिड आहे, दोन टक्के. ॲसिड म्हटलं की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं, तू सरू नकोस. तुझ्या कातडीच्या छिद्रांत तेल आणि मेलेली कातडी यांचं बूच बसलंय. साबण वरून धुतो आणि निघून जातो. हे औषध तेलात मिसळतं, म्हणून आत शिरतं आणि बूच सैल करतं. एवढीच त्याची करामत.

आधी कानामागे थोडं लावून एक दिवस बघ. डोकेदुखीची ॲस्पिरिनची गोळी तुला कधी सोसली नव्हती का, ते आईला विचार. सोसली नसेल तर बाटली परत पाठव. मग एक दिवसाआड, संध्याकाळी, तोंड धुऊन कोरडं करून पातळ हात फिरवायचा, वरून साधं क्रीम. दिवसा बाहेर पडताना उन्हाचं मलम, चुकवायचं नाही. पहिल्यांदा कोरडं पडेल, चुरचुरेल. आग व्हायला लागली तर थांबायचं. महिना-दीड महिना तरी फरक मागायचा नाही. पुटकुळ्या एका रात्रीत आल्या नाहीत, जाणारही नाहीत.

माझ्या दुकानात रोज चार मुली येऊन हेच विचारतात. चौघींच्याही चेहऱ्यांकडे मी बघते आणि मला त्यांचे डोळे आधी दिसतात, इतक्या वैतागलेल्या असतात बिचाऱ्या.

आणि दादाला सांग, मी आत बसणार नाही म्हणून. तू सांगत नसशील तर मी सांगते. तुझ्या वयात माझ्या कपाळावर काय शेती पिकली होती ते त्याला चांगलं आठवत असेल. तेव्हा आमच्याकडे मागची खोली नव्हती, म्हणून मी सुटले.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू जादूगार आहेस! नाकावरचे काळे ठिपके गेले. कपाळ हाताला गुळगुळीत लागतं. मी सगळं तू सांगितलंस तसं केलं, कानामागेसुद्धा लावून बघितलं. पहिल्या आठवड्यात तोंड चुरमुऱ्यासारखं झालं होतं, आईने क्रीम लाव म्हणून भंडावून सोडलं. आता गालांवरच्याही बसल्यात. हनुवटी मात्र हट्टी आहे, तिथे अजून चालू आहे.

बाबा खूश आहेत. एका संध्याकाळी दुकान बंद केल्यावर म्हणाले, "बस स्टुलावर." कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझ्यावर लाइट लावले. हनुवटी खाली घे, डावीकडे बघ, ओठ सैल सोड. इतक्या हळू आवाजात बोलत होते जसं काही मी मोठं गिऱ्हाईक. मग तो फोटो त्यांनी स्वतः बसून रिटच केला. मला हातही लावू दिला नाही. हनुवटी साफ, गाल साफ, मान जरा उंच. मोठा करून फ्रेममध्ये घालून शोकेसमध्ये लावलाय. रस्त्यावरून जाणारे थांबतात. मी पडद्याआडून बघते.

तू फोनवर नेहमी म्हणायचीस ना, तशी रोज फिरायलाही जाते. नदीच्या बाजूने, पुलापर्यंत. मस्त वाटतं.

एक विचारायचं होतं. दोनऐवजी जास्त टक्क्यांचं लावलं तर लवकर होतं का? हनुवटीपुरतं.

तुझी ठकू

ता. क. यापुढे पाकिटावर आईचं नाव घाल. पोस्टमन नवीन आहे, गोंधळतो.


२८ फेब्रुवारी

ठकू,

कपाळाबद्दल वाचून बरं वाटलं. हनुवटीचं उत्तर आधी देते: नाही. जास्त टक्के म्हणजे लवकर नव्हे. जास्त टक्क्यांचं काम डॉक्टर समोर बसून, घड्याळ लावून करतात. तू हात लावायचा नाहीस. हनुवटी सगळ्यात शेवटी ऐकते, सगळ्यांचीच.

आता माझं विचारते. परवा तुमचे झेरॉक्सवाले इकडे कुणाकडे तरी आले होते, खोकल्याचं औषध घ्यायला दुकानात शिरले. मला बघून म्हणाले, "काय, कशी आहे पोर?" मी म्हटलं, "मजेत." तर म्हणतात, "रमली ना इथे? बोलवा जरा, बघून जातो. घरी सांगायला बरं." मी बाटली हातात धरून उभीच. इथे म्हणजे कुठे? मग डोक्यात प्रकाश पडला की या माणसाला वाटतंय तू माझ्याकडे राहतेस. आणि ठकू, मी काय बोलले माहितेय? "क्लासला गेलीय." कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक. त्याला खोटं पाडावं तर दादाच खोटा पडेल अशी शंका आली असावी. बिल न घेताच गेले ते, मीही द्यायला विसरले.

गेल्यापासून मनाला चैन नाही. पोस्टमन गोंधळतो म्हणून पाकिटावर वहिनीचं नाव घालायचं, ना? मी वाचून पुढे गेले, खुळी. दादाला फोन केला तर "ती झोपलीय." भर दुपारी? पुन्हा केला तर "ती बाहेर गेलीय."

कुठे आहेस तू? सरळ लिही.

आत्या


६ मार्च

प्रिय आत्या,

मी घरीच आहे. दुसरीकडे कुठे असणार?

फोटो लावला त्या आठवड्यात एक बाई आल्या. शोकेसकडे बोट दाखवून बाबांना म्हणाल्या, "केवढी गोड मुलगी. कोण ही?" बाबा म्हणाले, "माझी." त्या म्हणाल्या, "अय्या, कुठे आहे? बोलवा की, बघू दे." मी पडद्यामागे होते. हनुवटीवर तेव्हा दोन मोठ्या, पिकलेल्या होत्या. मला बाबांनी कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा केल्याचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणाले, "माझ्या बहिणीकडे असते. शिकायला."

बाई गेल्यावर आत आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोडे दिवस. हनुवटी बसली की तू परत आलीस असं सांगू." त्यांचाही चेहरा उतरला होता, आत्या. मला त्यांचाच कळवळा आला. मी हो म्हटलं.

पण तुला आमचं घर माहीत आहे. जिना दुकानातून वर जातो, रस्त्यावर उघडणारं दारही दुकानाचंच. शटर उघडण्याआधी मी वर तरी असायचं नाहीतर मागच्या खोलीत तरी. जिथे असेन तिथेच दुपारपर्यंत. मागे असले तर खोकायचं नाही, खुर्ची ओढायची नाही, गाणं लावायचं नाही. एकदा शिंक आली ती मी ओढणीत तोंड खुपसून मारली. झेरॉक्सवाले पुढे बसून बाबांना विचारत होते, "पोरीची आठवण येत असेल नाही?" आणि मी त्यांच्यापासून पडद्याएवढ्या अंतरावर.

नदीवर मी गेलेले नाही. तेवढं खोटं लिहिलं. तू खूश व्हावीस म्हणून.

आणि फोटोतल्या मुलीचं काय करू? तिचं सगळेच कौतुक करतात. मी बाहेर पडायचं तर तिच्यासारखी होऊनच पडायला हवं, नाहीतर लोक दोघींना शेजारी ठेवून बघतील. बाबांनी तिला इतकं साफ केलंय की मला तिथवर पोचताच येत नाही.

पण काळजी करू नकोस. मला घरातच एक जोरदार औषध सापडलंय. नाव वाचलं, तेच आहे, तुझंच. काल लावलं. हनुवटीवर आणि थोडं गालांवर. झोंबलं खूप, म्हणजे काम करत असणार.

तुझी ठकू


१० मार्च

ठकू,

काय सापडलंय? बाटलीवर टक्के किती लिहिलेत? कशासाठी लिहिलंय?

हे पत्र मिळेल त्या क्षणी तोंड भरपूर पाण्याने धू, आणि ती बाटली, माझीसुद्धा, दोन्ही आईच्या हातात दे. नाव एक असलं म्हणून औषध एक होत नाही. पायाच्या कातडीवर चालतं ते तोंडावर चालत नाही. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. दुकानात गिऱ्हाइकाला सांगते, तुला सांगायचं राहिलं.

दादाचा फोन लागतोय आणि कुणी उचलत नाही. वहिनीला सांग मला उलट टपाली लिहायला.

आत्या


१४ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र माझ्या नावाने आलं म्हणून मीच फोडलं. फोनवर बोललेलं खाली दुकानात ऐकू जातं, म्हणून लिहितेय. उशीर झाला होता.

तुमच्या भावाच्या पायाला कुरूप आहे, दिवसभर उभं राहून झालेलं. त्यावरचं औषध फळीवर होतं. लावलं की वर पापुद्रा धरतो आणि चार दिवसांनी कडक कातडी सोलून निघते, तेच. तिने ते तोंडाला लावलं. लावून तशीच सकाळपर्यंत राहिली. मी विचारलं, "अगं, बाटलीवर पायाचं चित्र आहे, दिसलं नाही का?" तर म्हणाली, "कुरूपावरचं आहे असं लिहिलं होतं. मला वाटलं, मग माझ्यासाठीच आहे." वन्सं, ती हसत होती असं म्हणताना. मला तिथे उभं राहवेना.

आधी पांढरं पडलं. मग पापुद्रा सुटला, आणि खाली लालभडक, ओलं. दोन्ही गाल आणि सगळी हनुवटी. खाताना तोंड उघडलं की भेगा पडतात. पेज चमच्याने देते. वरच्या खोलीला आतून कडी लावून बसते, मी आवाज दिला तरच काढते.

मी म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ. हे म्हणाले, "कसं नेणार? खालून न्यावं लागेल. लोक विचारतील, ही आली कधी, आणि ही अशी का." मी म्हटलं, विचारू देत. तर म्हणाले, "आठवडाभर थांबू. कातडी आहे, नवीन येते. माझ्या पायाची येत नाही का?" असं म्हणून उठून खाली गेले. त्या दिवसापासून जेवताना मान खाली. वाईट माणूस नाही हो तो, तुम्हाला ठाऊकच आहे. पण एक बोलून बसलाय आणि आता त्याला त्यातून बाहेरचा रस्ता सापडत नाही.

आणि मी तरी काय वेगळी? बायका मला विचारतात, लेकीशिवाय घर खायला उठत असेल. मी हो म्हणते. ती वर जिन्याच्या टोकाशी बसलेली असते, तिला ऐकू जातं, आणि मी हो म्हणते.

काय लावू ते कळवा.

वहिनी


१८ मार्च

वहिनी,

चोळायचं काही नाही. गार पाण्याने हळू धुवायचं, टिपून घ्यायचं, वर साधी व्हॅसलिन. खपली ओढायची नाही. उन्हात न्यायचं नाही. पण हे सगळं डॉक्टरकडे पोचेपर्यंतचं. जखम ओली राहिली तर पू होईल, ताप येईल, मग कातडी येईल ती डागाची येईल. आठवडा थांबायचं कुणी ठरवलं? ज्याच्या पायाला कुरूप आहे त्याने?

मी लगेच निघाले असते. दुकानात माझ्याशिवाय दुसरं कुणी औषधं द्यायला परवाना असलेलं नाही, मालक बाहेरगावी आहेत, शटर बंद ठेवलं तर दवाखान्यातल्या लोकांनी जायचं कुठे? महिनाअखेरीपर्यंत मी इथे खिळलेय. नुसती तडफडतेय.

म्हणून एक सुचवते. दादाने सगळ्यांना सांगितलंय ना, ती माझ्याकडे आहे? मग पाठवा माझ्याकडे. पहाटेच्या बसने, तोंडाला ओढणी बांधून, शटर उघडायच्या आत. इथे माझ्या दुकानाच्या वरच त्वचेच्या डॉक्टर बसतात. बरी झाली की घेऊन जा. कुणाला काही कळणार नाही, दादाचा शब्द राहील, पोरगी वाचेल. खोटं बोलून झालंच आहे तर ते खरं करून टाकू. मीही त्यात आहेच, झेरॉक्सवाल्यांना मी क्लासची थाप मारलीय. आपण सगळे मिळून त्या पोरीवर पहारा देतोय असं मला रोज वाटतं.

दादाला हे पत्र वाचून दाखवा. मोठ्याने.

तुमची नणंद


२ एप्रिल

प्रिय आत्या,

तू बसस्टॉपवर उभी राहिली असशील. मी आले नाही. आईने दुसऱ्या दिवशी तुला फोन केला, पण "डॉक्टरला दाखवलंय, काळजी नको" एवढंच सांगून ठेवला म्हणाली. मग बाकीचं मी सांगते.

आईने तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. बाबांचा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांनी त्यांनी मान वर केली. म्हणाले, "बरोबर आहे तिचं. असंच करू." स्वतः बसची वेळ विचारून आले, स्वतः माझी बॅग खाली आणून ठेवली. मलाही सुटल्यासारखं वाटलं. कडी काढून बसले त्या दिवशी.

सकाळी अंधारात उठायचं ठरलं होतं. आई उठली, पण चहा ठेवला आणि त्याच्यासमोर उभीच राहिली. बाबा म्हणाले, "बस जाईल." आई म्हणाली, "जाऊ दे." मग तिने मला आंघोळीला पाणी दिलं, सावकाश केस विंचरले, व्हॅसलिन लावली. बाबा खालून वर, वरून खाली. उजाडलं. शेवटी गिऱ्हाइकं येऊन थांबली तशी त्यांना शटर उघडावंच लागलं.

मी ओढणी बांधायला घेतली तर आईने ती हातातून काढून घेतली. "डॉक्टर म्हणतील, जखमेला वारा लागू द्या." डॉक्टर अजून भेटायच्या होत्या, आत्या! मी म्हटलं, "आई, खाली लोक आहेत." ती म्हणाली, "माहितेय." आणि माझं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं, दुखेल इतकं घट्ट.

जिना उतरलो. स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, बाकावर दोन बायका, आणि दारात झेरॉक्सवाले सुट्टे मागायला आलेले. सगळ्यांनी वर बघितलं. कुणी ओळखलं नाही आधी. मग झेरॉक्सवाल्यांचा चेहरा बदलला. माझ्याकडे बघितलं, मग शोकेसकडे, मग परत माझ्याकडे. म्हणाले, "अरे, ही... कधी आली ही?"

बाबा कॅमेऱ्यामागे होते. मला वाटलं आता ते म्हणतील, कालच. सोपं होतं ते. आईसुद्धा म्हणू शकली असती.

आई म्हणाली, "ती कुठे गेलीच नव्हती. वरच होती."

माझे गाल असे जळत होते की जखम कुठली आणि लाज कुठली ते कळेना. बाकावरची एक बाई हळूच म्हणाली, "अगं बाई, भाजलं का गं?" मी म्हटलं, "हो." बस, एवढंच बोलले. बाबा त्या म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाले, "मान जरा वर घ्या." आणि फोटो काढला. दुसरा काढला. तिसराही काढला. आम्ही बाहेर पडलो.

ऊन इतकं पांढरं होतं की मला थांबावं लागलं. आईने स्वतःची ओढणी माझ्या डोक्यावर धरली, छत्रीसारखी, आणि दवाखान्यापर्यंत तिचे हात वरच.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "एवढं होईपर्यंत आणलं का नाही?" आई म्हणाली, "लोकांच्या हिशेबाने ही गावात नव्हती." डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आम्हा दोघींना आधी पाणी दिलं.

गालांवरची कातडी चांगली येईल म्हणाल्या. हनुवटीचा डाग कदाचित राहील. रंग एकसारखा व्हायला वर्षही लागेल. तोवर ॲसिड नाही, कुठलंच नाही, तुझंही नाही. आणि पुटकुळ्या परत येतील, तेव्हा घाबरायचं नाही, त्यांच्याकडे जायचं. मी विचारलं, "म्हणजे सगळं पहिल्यासारखंच?" त्या म्हणाल्या, "थोडं वाईट." मला त्यांचं ते आवडलं.

बाबा आमच्याशी बोलत नाहीत. दोघींशीही.

तुझी ठकू


९ एप्रिल

ठकू,

दुकानात गिऱ्हाईक समोर असताना तुझं पत्र वाचलं आणि त्याला पोटदुखीच्या ऐवजी दातदुखीची गोळी देत होते. त्यानेच थांबवलं.

वहिनीला माझा नमस्कार सांग. मी इतकी हुशारी करून रस्ता काढला होता. तो चोराचा रस्ता होता, हे तिला कळलं आणि मला नाही.

मालक परत आलेत. आता मी मोकळी आहे. तू ये. आता लपून यायचं नाही, दिवसाढवळ्या, खिडकीजवळच्या सीटवर बसून ये. त्या घरात दादाच्या अबोल्यात किती दिवस काढणार? मी त्याला ओळखते. तो लहान असताना रुसला की आम्ही बाकीचे आजारी पडायचो. इथे दुकानात माझ्या हाताखाली उभी राहा, काम शीक. तुझ्या तोंडाकडे इथे कुणी बघणार नाही, इथे सगळेच आपापलं दुखणं घेऊन येतात.

कधी निघतेस ते कळव.

आत्या


१२ मे

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. खरं सांगू? बॅग भरली होती. दोनदा. दोन्ही वेळा रिकामी केली.

आत्ता तुझ्याकडे आले तर बाबांचं खरं होईल. लोक म्हणतील, बघा, म्हणतच होते ते, बहिणीकडे असते. एका महिन्यात सगळे विसरतील की मी वर होते. मलाही विसरायला होईल. मला ते नकोय. म्हणून सध्या इथेच, सगळ्यांना दिसेल अशी. चिडू नकोस.

मी पुढे बसते आता, काउंटरवर. कुणी सांगितलं नाही, मीच जाऊन बसले. पहिले दिवस फार कठीण गेले. काही लोक फोटो काढायच्या निमित्ताने मलाच बघायला आले, काढले मात्र नाहीत. काहीजण बोलताना माझ्या कानाकडे बघतात. जे विचारतात त्यांना मी सांगते, पायाचं औषध तोंडाला लावलं. एक बाई म्हणाल्या, "मी नवऱ्याचं केस काढायचं क्रीम लावलं होतं, भुवया गेल्या." आम्ही दोघी इतक्या हसलो की माझी हनुवटी ताणली जाऊन दुखली. पण असे दिवस थोडे. बाकी दिवशी वर पळून जावंसं वाटतं, आणि जिना तर तिथेच आहे, चार हातांवर. बसून राहणं हेच काम होऊन बसलंय.

शोकेसमधला फोटो मी उतरवला. बाबा बघत होते, काही म्हणाले नाहीत. आता तिथे कुणाच्या तरी जुळ्यांचा आहे.

डाग राहणार, डॉक्टर बाईंनी सांगितलं. गाल गुलाबी आहेत, गळ्याच्या रंगाशी जुळत नाहीत. कपाळावर पुन्हा दोन आल्यात. मी त्यांना काही लावलेलं नाही. येतील, जातील.

बाबांचं विचारशील. अबोला चालूच होता. आईशी आता कामापुरतं बोलतात. माझ्याशी काल रात्रीपर्यंत एक शब्द नाही. आणि आज सकाळी मी हे पत्र लिहायला बसले होते, तर ते जिन्याच्या अर्ध्यात येऊन थांबले. वर आले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "शाळेच्या उन्हाळी शिबिराचा ग्रुप फोटो आहे. मैदानात. चारशे पोरं. रांगा लावायला माणूस लागेल."

मी विचारलं, "मी?"

म्हणाले, "ऊन आहे. डॉक्टरांनी दिलेलं ते लावून घे. जास्त लाव."

आणि उतरून गेले. चारशे पोरं म्हणजे आठशे डोळे, आणि पोरं काय विचारतात ते मला माहीत आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. माफही केलेलं नाही, तसं त्यांनी मागितलेलंही नाही.

पण मलम लावून झालंय, आणि ते गाडी सुरू करून खाली थांबलेत. हॉर्न वाजवत नाहीयेत. पत्र इथेच थांबवते.

तुझी
ठकू